‘दवाखान्यात नाव लागलं तर आरसीचं काय?’

माझ्याकडे येणारी तिबेटी माणसं आजाराचं नंतर सांगतात, आधी हे विचारतात. आरसी म्हणजे परदेशी नागरिक म्हणून झालेल्या नोंदीचं प्रमाणपत्र. मुदत संपली की नूतनीकरण. गोंदिया जिल्ह्यातली गोठणगावची तिबेटी वसाहत 1972ची. तिथेच जन्मलेल्यांनाही हे चुकलेलं नाही.

तेन्झिन (नाव बदललं आहे) हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकतो. छातीत धडधड, झोप उडालेली, ईसीजी नॉर्मल. मी आधी शरीराचं म्हणणं ऐकून घेते. मन पुष्कळदा त्याच वाटेनं बोलायला लागतं.

“धडधड कधी वाढते?”

“आरसीची तारीख जवळ आली की. अर्जावर सही करताना हात कापतो, मॅडम.”

“घरात आणखी कोणाला होतं असं?”

“भावाला नाही. तो 1985चा.”

मग बराच वेळ तो गप्प होता. 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेला जन्मानेच भारतीय. हा हक्क तिबेटींनाही आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं. तेन्झिन 1990चा. एका आईची लेकरं, एक नागरिक आणि एक परदेशी.

“आईबाबा लहानपणी बर्फातून चालत आले. मी तर इथलाच. मला रडायचा काय हक्क?”

“ते सीमा एकदा ओलांडून आले. तुम्हाला ती दर मुदतीला ओलांडावी लागते.”

तेव्हा तो रडला, पोटभर. माझं ठाम मत आहे, भीतीला खरं कारण आहे हे समोरच्यानं कबूल केलं की माणूस उपचाराला तयार होतो. नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून काही होत नाही. पुढच्या आठवड्यात तो स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. नंतरचं नूतनीकरण नेहमीसारखंच पार पडलं.

तेव्हा नीट ऐका. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सरकारी उपचाराचा हक्क प्रत्येक व्यक्तीला देतो, फक्त नागरिकाला नाही (कलम 18). तुमची माहिती गोपनीय ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे (कलम 23). जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश, असे मोजके अपवाद सोडले तर. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कधी असते, ते विचारून जा. वसाहतीतल्या तिबेटी वैद्यांची औषधं चालू असतील तर लपवू नका, पुड्या सोबत न्या. आणि हंगामात दुकान सोडता येत नसेल, तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीत किंवा हिंदीत.