मॉरिशसमध्ये 60 हजार रुपये पगारात घर चालेल का? आणि बेट 'टॅक्स फ्री' असूनही महाग का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. नवरा-बायको आणि एक मूल, महिना 60 हजार मॉरिशियन रुपये, भागेल का? आणि टॅक्स फ्री म्हणून गाजलेल्या बेटावरची माणसं महागाईच्या नावानं बोटं का मोडतात? मी मूळचा कुडाळचा, गेली नऊ वर्षं क्वात्र बोर्न शहरात भाड्यानं राहतोय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, म्हणजे पहिल्याचं गणित सोपं जाईल.

टॅक्स फ्री हे आधी डोक्यातून काढा. ती ख्याती बाहेरच्या कंपन्यांनी इथून वळवलेल्या पैशांमुळे झाली. दुकानातल्या बहुतेक वस्तूंवर 15 टक्के व्हॅट आहे, 2002 पासून. बऱ्याच मालावरची आयात ड्यूटी मात्र खरंच गेली, 'ड्यूटी फ्री आयलंड' करायचं म्हणून. तरी वस्तू महाग, कारण जवळपास सगळंच बोटीनं येतं. सगळी बेटं मिळून देश 2,040 चौरस किलोमीटर, वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, आणि शेतजमीन बहुतांशी उसाखाली. तांदूळ, गहू, डाळी, तेल, दुधाची पावडर, पेट्रोल, सगळं राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात उतरतं आणि त्याचं बिल डॉलरमध्ये होतं. मग डॉलर चढला की डाळ चढलीच. 2020 च्या सुरुवातीला डॉलरला 36-37 रुपये पडायचे, 2024 मध्ये 46 च्या पुढे गेले. माझा पगार वाढला, पण पिशवी काही जड झाली नाही.

हे का झालं? कोविडमध्ये पर्यटन बंद. 2019 मध्ये तेरा लाखांवर पर्यटक आले होते, आणि मार्च 2020 नंतर विमानंच नाहीत. दारं पूर्ण उघडायला 1 ऑक्टोबर 2021 उजाडला. त्या काळात बँक ऑफ मॉरिशसनं सरकारला 6,000 कोटी रुपये दिले. नोकऱ्या वाचल्या हे खरं. पण मध्यवर्ती बँकेनं असा पैसा ओतला की चलन घसरणार, आणि 2022 ची दोन आकडी महागाई नुसती युक्रेनच्या युद्धानं आली असं मला तरी वाटत नाही. गंमत अशी, की रुपया घसरून आयात महागली की सरकारचा व्हॅटही आपोआप वाढतो. मग त्यातूनच भत्ते वाटायचे आणि निवडणुकीत ते मिरवायचे.

वाटपाची तऱ्हा पाहायची तर पेट्रोल पंपावर जा. इथल्या लिटरच्या भावात एक्साइज (सरकारी शुल्क) आणि व्हॅटशिवाय गॅस, पीठ आणि तांदळाच्या सबसिडीसाठीचा हिस्सा असतो. 2021 मध्ये तर कोविड लशींसाठी लिटरमागे 2 रुपये लावले होते. म्हणजे गाडीवाला पावाचे पैसे भरतो. म्हणून इथला 100 ग्रॅमचा पाव वर्षानुवर्षं 2 रुपये 60 सेंटला मिळत आला. शाळकरी मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना बस 2005 पासून फुकट. ज्याचं घर पाव, रेशनचा तांदूळ, गॅस आणि बस यांवर चालतं, त्याला सरकारनं बऱ्यापैकी सांभाळलंय. आपण चीज, बासमती, पॅकबंद तूर डाळ आणि स्वतःची गाडी घेतो, म्हणजे सबसिडीच्या पलीकडचे. त्यात गाडीवरची एक्साइज अशी, की बरेच लोक जपानहून आलेली जुनी 'रिकंडिशन' गाडीच घेतात.

भाजीचं वेगळंच. जानेवारी 2024 मध्ये बेलाल चक्रीवादळ आलं. पुढच्या आठवड्यात बाजारात गेलो तर पोमदामूर (टोमॅटोला इथे असंच म्हणतात, प्रेमाचं सफरचंद!) हातात घेऊन बायका नुसतं वळवून बघत होत्या आणि परत ठेवत होत्या. कांद्याचंही तेव्हाच नाक दाबलं गेलं होतं. डिसेंबर 2023 मध्ये भारतानं निर्यात थांबवली. मग मार्चमध्ये मॉरिशससाठी 1,200 टन सोडायला परवानगी दिली. लासलगावात शेतकरी बंदीवर चिडलेला आणि इथे गिऱ्हाईक तिच्याचमुळे हवालदिल. दोघांच्याही बाजूनं बोलायला मला जड जायचं.

आमच्या घरमालकीणबाई मराठी आहेत, पणजोबा रत्नागिरीहून आले होते. गणपतीत आरती सगळी पाठ, बोलणं मात्र क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत. मी त्यांना मावशी म्हणतो. कोपऱ्यावरच्या ला बुतीकमध्ये (किराणा दुकानात) त्यांची उधारीची वही असते, महिनाअखेर भागवायची. 'लावी सेर' (जगणं महाग) हे त्यांचं दिवसातून दोनदा ठरलेलं. साठ वर्षं झाली की सगळ्यांना पेन्शन, हे इथे 1950 च्या दशकापासून चालत आलं. निवडणूक आली की आकडा वाढायचा: 2014 मध्ये 3,623 चे 5,000 झाले, 2019 च्या निवडणुकीनंतर 9,000. जून 2025 च्या बजेटमध्ये नव्या सरकारनं वय टप्प्याटप्प्यानं 65 करायचं ठरवलं, कारण कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या 90 टक्क्यांच्या घरात गेलंय. मावशींच्या नवऱ्याला साठीलाच मिळाली. त्या एकोणसाठीत सापडल्या. टीव्हीवर भाषण चालू असताना त्यांनी वहीत मागच्या पानावर बेरीज केली, पेन्सिल कानामागे खोचली आणि चहा टाकायला गेल्या. मला विचाराल तर वय वाढवणं भागच होतं. पण दहा वर्षं आकडा फुगवत नेऊन मग एका बजेटमध्ये हात आखडता घेणं हे काही धड नव्हे.

आता तुमचे 60 हजार. हे सगळे बेसिक (मूळ पगार) असतील तर 50 हजारांच्या वर असल्यामुळे सामाजिक वर्गणी (सीएसजी) 3 टक्के, म्हणजे 1,800. तेराव्या महिन्याचा पगार कायद्यानं मिळतो, तो धरून वर्षाचे 7 लाख 80 हजार. जुलै 2025 पासून पहिले 5 लाख करमुक्त आणि पुढच्या 5 लाखांवर 10 टक्के, म्हणजे वर्षाला फार तर 28 हजार कर. हातात महिन्याला 56 हजारांच्या आसपास. आमचं दोन बेडरूमचं भाडं 18 हजार आहे, पण पंखे, गाद्या, पडदे आमचे. किनाऱ्याजवळ घर शोधाल तर हा आकडा विसरा. मेट्रोच्या मार्गावर राहिलात, म्हणजे रोझ हिल, क्वात्र बोर्न, क्युरपिप वगैरे, तर गाडीशिवाय निभतं आणि थोडे शिल्लकही पडतात. मुलाला इंग्रजी खाजगी शाळेत घालायचं असेल तर मात्र कंपनी फी देते का ते आधी विचारा. नाही म्हणाली तर 60 हजारात ओढाताण आहे. आणि ऑफर लेटरमध्ये बेसिक किती, भत्ते किती हे वेगवेगळं लिहून घ्या. सीएसजीचा दर बेसिकवर ठरतो.