ग्रेपनेटवर जुनीच नोंद: द्राक्ष निर्यात नोंदणीबद्दल

दादा, वाटणी होऊन सातबारा वेगळा झाला, तरी ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांची ऑनलाइन नोंदणी) बाग वडिलांच्याच जुन्या नोंदीवर दिसते आणि कार्यालय ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतं, हे तुमचं वाचलं. आमच्या पलूसकडच्या बागेचं अगदी हेच झालं होतं.

फवारणीची वही, औषधांचा काढणीपूर्व काळ हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडतो.

आमचा फेरफार मंजूर होता. गट तोच, फक्त हिस्सा नवा. एक कार्यालय म्हणे ऑनलाइन सातबारा दिसू दे, मग दुरुस्ती. दुसरं म्हणे आमच्याकडून कधीच गेलंय, तिकडं विचारा. टेबलावरच्या साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला, घडी घातली आणि माझ्याच हातात परत दिला. आवक नोंद नाही, म्हणजे कागदोपत्री मी तिथं गेलोच नव्हतो! इकडं मण्यात गोडी भरलेली, निर्यातदाराचा माणूस ब्रिक्स (गोडीचं माप) विचारायला फोनवर फोन करतोय. नोंद जुळल्याशिवाय लॅबवाले औषधाचे अंश तपासायचा नमुना घ्यायला बागेत येत नाहीत. अहवाल नाही तर अ‍ॅगमार्क नाही, फायटो (माल रोगकिडीपासून मुक्त असल्याचा दाखला) नाही, कंटेनर नाही. आभाळ भरून यायला लागलं तसा निम्मा माल दलालाला दिला, बाकीचा बेदाण्याला शेडवर टाकला.

तेव्हा अर्ज आवक विभागातच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. सोबत जुना-नवा सातबारा आणि मंजूर फेरफार जोडा. ओळखीचा पुढारी शोधत बसू नका, त्यात आठवडा जातो. (मी वकील नाही, आमच्या तालुक्यातला अनुभव सांगतोय.)

आपल्याकडं युरोपच्या नावानं बोटं मोडायची सवय आहे. ज्या औषधाच्या फळातल्या अंशाला त्यांनी वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. कडक आहे, पण छापलेलं आहे. २०१० मध्ये सीसीसीनं (क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ रोखणारं औषध) जो दणका दिला, त्यात तिकडची मर्यादा ०.०५ होती आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हतं. माल तिकडं अडकला, भुर्दंड निर्यातदारांवर आणि बागायतदारांवर आला. यादी करणाऱ्याच्या खिशातून काही गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. आकडे ब्रुसेल्समध्ये ठरतात, त्यावर तिथली सुपरमार्केट स्वतःच्या आणखी कडक अटी चढवतात, आणि हे सगळं खाली येत येत आपल्या बांधावर थांबतं. त्यात टेबलावर गेलेले दिवस तर कुणाच्याच हिशोबात धरले जात नाहीत. मला याचाच जास्त राग आहे.

जाता जाता एक. दर बांधावरचा आहे की तिकडं युरोपात रॉटरडॅम बंदराला माल विकल्यावरचा, ते लिहून घ्या. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली, प्रवास लांबला. असल्या उशिरानं मणी मऊ पडले तर नुकसान कुणाचं, हे आधीच ठरलेलं बरं. ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याला माल देऊ नका, दर दोन रुपये जास्त असला तरी.

तुमची ऑक्टोबर छाटणी कोणत्या तारखेची, तेवढं लिहा. काढणीपर्यंत हातात किती दिवस आहेत ते त्यावरून कळेल.