हळू म्हणजे खरंच हळू

प्रिय मुली,

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला तेव्हा मी झोपले होते, सकाळी पार्कातून आल्यावर वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. चार महिने रोज पळतेय, पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, सातच्या खाली टिकत नाही, नडगी दुखते, ग्रुपमधले सगळे साडेपाचने पळतात, जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन आहे, कार्बन प्लेटवाले शूज घेऊ की पळणंच सोडून देऊ. एवढं सगळं एका दमात लिहिलंयस.

शूजचं आधी संपवते. नको घेऊस. ते रेसच्या दिवशी जोरात पळणाऱ्यांसाठी असतात, दुखऱ्या नडगीवरचं औषध नाही ते, वीसएक हजार घालवशील आणि दुखणं तिथेच राहील.

आता तू पाठवलेले स्ट्रावाचे, त्या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपचे, स्क्रीनशॉट. मी चष्मा लावून एकेक बघितला. सोमवार सहा किलोमीटर, सात पाचने. मंगळवार सहा, सात दोनने. बुधवार सहा, सहा अठ्ठावन्नने, आणि खाली तूच लिहिलंयस "फायनली!!" गुरुवारी परत सात दहा, त्याच्याखाली रडका चेहरा. हार्टरेट रोज १७० च्या वर. अगं, हे ट्रेनिंग नाहीये, तू रोज सकाळी परीक्षेला बसतेयस. अभ्यास कधी करणार?

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणारे, कंटाळलीस तरी. हळू पळ. सोप्या दिवशी सोपंच पळ. तुला वाटतंय त्यापेक्षा खूप हळू, म्हणजे सव्वाआठ, साडेआठ, ऑक्टोबरच्या उकाड्यात नऊसुद्धा. घड्याळाकडे बघून कळत नसेल तर तेराचा पाढा मोठ्याने म्हणत पळ, पाढा धापेने तुटला की समज जोरात पळतेयस, लगेच कमी कर, लाज वाटून न घेता थोडं चाल. मुंबईत तर हे जास्तच लागू आहे कारण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, मग अंग थंड होत नाही, हृदयाला तेवढ्याच वेगासाठी जास्त राबावं लागतं. पुण्याच्या थंडीत कुणीतरी साडेसहाने पळतंय म्हणून भांडुपच्या रस्त्यावर तूही तसंच पळायचं, याला काही अर्थ आहे का?

आणि हे काही माझ्या एकटीच्या मनाचं नाही. स्टीफन सायलर म्हणून एक संशोधक आहेत, नॉर्वेत असतात, त्यांनी रोइंग, स्कीइंग, रनिंगमधल्या जगातल्या टॉपच्या लोकांचं ट्रेनिंग तपासलं, तर साधारण ८० टक्के सेशन्स सोप्या निघाल्या. जगातले सर्वात वेगवान लोक बहुतेक दिवस सावकाश पळतात आणि भांडुपची आमची मुलगी रोज जीव तोडून पळते! आपल्याकडची ललिता बाबर बघ, माण तालुक्यातल्या मोही गावची, आधी लांब पल्ल्याची, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली यायची, आणि मग २०१६ ला रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये. आधी दम साठवला, वेग नंतर आला. उलट्या क्रमाने येत नाही तो.

नडगीचं नीट ऐक. पळायला लागलं की हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, म्हणून तुला वाटतं आता मी जोरात पळू शकते. हाडं आणि स्नायूबंध मागे असतात. हाडावर ताण पडला की आधी तिथलं जुनं हाड खरवडलं जातं आणि मग नवीन भरलं जातं, आणि या भरण्याला खरवडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तुमच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटला बघितलंस ना, स्लॅब टाकला की लगेच सेंट्रिंग काढत नाहीत, दिवसच्या दिवस पाणी मारत बसतात. तू ओल्या स्लॅबवर रोज नाचतेयस. आत्ता बोटाने नडगीची आतली कड दाबून बघ. लांबवर पसरलेलं दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे अति पळण्याने नडगीच्या कडेला येणारं दुखणं. पण एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या ठिकाणी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारली की जीव जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे ताणाने हाडाला गेलेल्या बारीक तड्याचा, संशय धरायचा आणि पळणं त्याच दिवशी बंद. ऑर्थोपेडिककडे जा, आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणून खूश होऊ नकोस, सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही, एमआरआय लागतो का ते स्पष्ट विचार.

अजून एक विचारते, बाई म्हणून विचारते. पाळी वेळेवर येते का? पळणाऱ्या मुली हे कुणाला सांगत नाहीत, उलट बरं झालं कटकट गेली म्हणतात. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. तू उपाशीपोटी पळतेस, चहा-खारी खाऊन साडेआठची लोकल पकडतेस, डबा दीडला उघडतेस, हे तूच सांगितलंयस मला. हे चालणार नाही. पळायच्या आधी केळं, आल्यावर अर्ध्या तासात दोन अंडी नाहीतर उसळ, आठवड्यातून तीन-चारदा नाचणीची भाकरी, तुमच्या घरी सुकट असतेच ती खात जा. आणि डॉक्टरांकडे जाशील तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, आणि डी व्हिटॅमिनही बघायला सांग.

मला राग कशाचा येतो माहितेय? तू चोविशीची आहेस. मी शाळेत आठशे मीटरला पहिली यायचे आणि नववीत घरच्यांनी मैदान बंद केलं, मुलीच्या जातीला कशाला म्हणून, मग नोकरी, लग्न, लोकल, दोन पोरं, सासूबाईंचं आजारपण. परत पायात बूट घातले तेव्हा चाळिशी उलटली होती. ती मधली वर्षं मला कुणी परत देणार नाही आणि त्याचं दुःख अजून होतं, पार्कात सकाळी शाळेची पोरं पळताना बघून होतं. घाई करायची तर मी करायला हवी होती. मी नाही केली. दोन वर्षं हळूच पळले, शिवाजी पार्कला फेऱ्यांवर फेऱ्या, तरुण पोरं बाजूने भुर्रकन जायची, एकाने तर काकू चालताय की पळताय असं विचारलंन. एका कोचने तोंडावर सांगितलं की असं पळून काही होणार नाही. माझ्याबरोबर सुरू केलेल्यांपैकी बरेच जण जोरात पळून पळून गुडघे धरून घरी बसले, आणि मी आजही पळतेय, साठीला आलेय तरी. मग कोण बरोबर होतं? हट्टी म्हणतात मला, म्हणू देत. लग्नाच्या हॉलमधून नऊला जेवून निघते म्हणून नातेवाईक नावं ठेवतात, ती ठेवू देत. झोप गेली की दुसऱ्या दिवशीचं पळणं गेलं, आणि तू पावणेबाराला मेसेज करतेस!

त्या ग्रुपचं काय करायचं ते तू ठरव, माणसं वाईट नाहीत ती. पण साडेपाचने पळणारे तुझ्यासाठी थांबणार नाहीत आणि तू त्यांच्यामागे गेल्याशिवाय राहणार नाहीस, मी ओळखते तुला. म्हणून निदान तीन महिने त्यांच्याबरोबर पळू नकोस, नंतर इडली खायला जा. स्ट्रावा प्रायव्हेट कर.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की आठवड्यातून चारच दिवस. तीन दिवस अर्धा-पाऊण तास, रविवारी थोडं लांब, सगळं पाढा म्हणता येईल इतकं हळू. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट शक्यतो टाळ, माती मिळेल तिथे मातीवर. आंघोळीआधी उंबऱ्यावर उभी राहून एकेका पायाने टाचा वर-खाली, पंधरा-पंधराचे तीन सेट, पोटरी भक्कम झाली की नडगीवरचा भार कमी होतो. दीड-दोन महिने काहीही न दुखता गेले तर मग आठवड्यातून एक दिवस, एकच, तुला हवं तेवढं जोरात पळ. बाकीचे दिवस हळू. हो, परत तेच सांगतेय.

जानेवारीचं विचारलंयस. हाड ठीक निघालं तर हाफ कर, पण वेळेसाठी नाही. वरळीपर्यंत सगळे उडतात, मग पेडर रोडचा चढ येतो आणि तिथे निम्मी माणसं कमरेवर हात ठेवून चालत असतात. तू तो चढ हळू पळत चढायचास. हाड ठीक नसेल तर यंदा नाही. नंबर आलाय, पैसे भरलेत, ऑफिसात सांगून झालंय, यातलं एकही कारण मी ऐकणार नाही. पुढच्या वर्षी आहेच की.

या रविवारी पळायला येऊ नकोस. डॉक्टरांची वेळ घे, रिपोर्ट आधी मला पाठव. ते म्हणाले चालायला हरकत नाही, तर सकाळी सहाला शिवाजी पार्कला मीनाताई ठाकरेंच्या पुतळ्यापाशी ये, दोघी चालू. घड्याळ घरी ठेवून ये.

तुझी,
काकू