नवीन पोट्टे टिकवायचे असतील तर

भाऊ, पहिल्यांदाच सेक्शन हाती आलं म्हणून टेन्शन घेऊ नका. पुलगाव-भद्रावतीकडं डिफेन्स सिव्हिलियन (संरक्षण खात्यातला बिनवर्दीचा कर्मचारी) म्हणून लागलेलं पोरगं बरेचदा दुसऱ्या राज्यातलं असते, डोक्यात पुढची परीक्षा चालूच असते, त्याला नावं ठेवून फायदा नाही. सुरुवातीला एवढंच पाहा.

- पहिला पगार अडकू देऊ नका. प्रान नंबर (पेन्शन खात्याचा नंबर), बँकेचे कागद टेबलावर पडून राहतात आणि पोरगं रूमचं भाडं उसनं घेऊन भरते, मग मन लागन कसं? रूमही आपणच पाहून द्या, कूलरसकट, नाहीतर मे महिन्यातच घरची गाडी पकडते.

- दुसऱ्या नोकरीच्या परीक्षेची एनओसी (ऑफिसची ना-हरकत) अडवू नका, सगळ्यात मोठी चूक हीच. परवानगी घेऊन ऑफिसमार्फत अर्ज केला असन तर निवड झाल्यावर तांत्रिक राजीनामा देता येते, आधीची सर्व्हिस धरली जाते, हे त्याला नीट समजावा. अडवलं की ते लपून अर्ज करते न कामातून लक्ष जाते ते वेगळंच. सोबत खात्याच्या प्रमोशन परीक्षेचंही सांगा, कित्येकांना माहीतच नसते.

- कॉम्प्युटर येते म्हणून अख्ख्या सेक्शनचं टायपिंग ढकलू नका, एखादं रजिस्टर पूर्ण त्याच्या नावानं द्या.

आणि जुन्या लोकांचं "आमच्या काळी" बंद करा बावा. १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीला एनपीएस (पगारातून कापून जमणारी पेन्शन), २०२५ पासून यूपीएसचा (हमीच्या पेन्शनचा) पर्याय, हिशोबच वेगळा आहे. अप्रेझल-ट्रान्सफरचं पुढच्या वर्षी पाहू.