वाचकांचे प्रश्न : बढतीनंतर पगाराची लेव्हल आणि बेसिक कसे ठरते?

प्रश्न : मी पुण्यात केंद्र सरकारच्या कार्यालयात एलडीसी (कनिष्ठ लिपिक) आहे. लेव्हल 2, बेसिक 26,000, इन्क्रिमेंट दर 1 जुलैला. 1 मार्चपासून यूडीसी (वरिष्ठ लिपिक) म्हणून बढती मिळाली. एम.कॉम. असूनही लेव्हल 4 च का? आणि विकल्प मागितलाय, तो काय द्यावा?

उत्तर : लेव्हल पदाला असते, माणसाला नाही. त्या पदाची जबाबदारी आणि भरती नियमांतली किमान पात्रता पाहून ती ठरते, त्यामुळे जास्तीच्या पदवीने ती बदलत नाही. सातव्या वेतन आयोगाने जुन्या ग्रेड पेवरून (पदाच्या दर्जानुसार पगारात धरली जाणारी ठरावीक रक्कम) लेव्हल बसवल्या : 1900 ची लेव्हल 2, 2400 ची लेव्हल 4. तुमच्या सेवेचा हिशेब लेव्हलमधल्या रकान्यात, म्हणजे बेसिकच्या पायरीत, दिसतो. 26,000 हा लेव्हल 2 चा दहावा रकाना, म्हणजे सुरुवातीच्या 19,900 वर नऊ इन्क्रिमेंट.

आता विकल्प, म्हणजे नव्या लेव्हलमधला बेसिक ठरवणे (वेतननिश्चिती) बढतीच्या तारखेपासून हवे की पुढच्या इन्क्रिमेंटच्या तारखेपासून, याची निवड. खरा पैसा इथेच आहे, म्हणून नीट पाहा.

बढतीच्या तारखेपासून वेतननिश्चिती घेतलीत, तर आधी लेव्हल 2 मध्येच एक इन्क्रिमेंट : 26,800. लेव्हल 4 मध्ये हा आकडा नाही, म्हणून त्यापुढचा रकाना, 27,100. पुढचे इन्क्रिमेंट 1 जानेवारीला : 27,900.

1 जुलैपासून घेतलीत, तर मार्च ते जून लेव्हल 4 चा लगतचा वरचा रकाना, 26,300. जुलैला लेव्हल 2 मध्ये दोन इन्क्रिमेंट, एक वार्षिक आणि एक बढतीचे : 27,600. तिथून लेव्हल 4 मध्ये 27,900. जानेवारीत 28,700.

चार महिने दरमहा 800 कमी, म्हणजे 3,200 चा तोटा. जुलैपासून दरमहा 800 जास्त, म्हणजे ऑक्टोबरच्या पगारात तो भरून निघतो आणि पुढे फायदाच. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता बेसिकच्या टक्क्यांत असल्याने प्रत्यक्ष फरक 800 हून मोठा. तुम्ही 1 जुलैच घ्या. बढती ऑगस्टमध्ये असती, तर अकरा महिने कमी पगार सोसावा लागला असता; तेव्हा हा सल्ला डोळे झाकून दिला नसता.

विकल्प बढतीपासून एक महिन्याच्या आत लेखी द्यायचा. बहुतेकांचे इथेच चुकते : तोंडी सांगतात, मुदत टळते आणि कार्यालय बढतीच्या तारखेपासून वेतननिश्चिती करून मोकळे होते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, सर्व्हिस बुकात नोंद झाली का ते स्वतः पाहा.

आणि एमएसीपीबद्दल (बढती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची लेव्हल देणारी योजना) : दहा वर्षांच्या आत मिळालेली ही बढतीच तुमची पहिली वाढ धरली जाईल. दहा वर्षे भरली म्हणून वेगळा अर्ज करू नका, तो परत येईल.