मीटिंगला जाण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. ‘काकू, व्यसन सोडणाऱ्यांच्या त्या मीटिंगमध्ये नुसतं बसून होतं काय?’ हा तुझा प्रश्न फोनवर निकालात काढण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसले.

आधी डॉक्टर. दारूही रोजची असेल तर मनानेच एकदम बंद करू नकोस. फिट येते, जिवावर बेतू शकतं. तुझ्या एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनच्या नशेवर, मात्र तसं ठरलेलं औषध नाही, म्हणून तर माणसांची सोबत जास्त लागते. पोलिसांची भीती वाटते म्हणालास. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाच्या गुन्ह्यात, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्याला त्याने खटल्यापासून संरक्षण मिळतं. चौकशी करायची तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

मीटिंगमध्ये आडनाव कुणी विचारत नाही. फी नाही, जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कुणी तोंड घालत नाही. आपल्या घरांत असं ऐकून घेतात का कधी?

पहिल्या दिवशी समोर पन्नाशीची माणसं दिसतील. कुणी सातपूरच्या कंपनीतून नोकरी गेलेला, कुणाचं लिव्हर गेलेलं. मनात येईल, ‘माझं एवढं कुठे झालंय!’ तुझ्या वयाची पोरं नेमकी इथेच उठून जातात. तू उठू नकोस. बोलणाऱ्याच्या वयाकडे बघू नकोस. घरी खोटं बोलताना त्याच्या पोटात कसं व्हायचं, पैसे कुठून काढायचा, ते ऐक. अशा मीटिंगा घेणाऱ्या संघटना दोन: एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, १९३५ पासूनची, दारूसाठी. एनए, म्हणजे नार्कोटिक्स अॅनॉनिमस, १९५३ पासूनची. तिथे सगळ्याच नशांबद्दल बोलतात. तुझ्यासाठी एनए बरी. अलाटीन हे नाव ऐकून तिकडे जाऊ नकोस, ती पिणाऱ्यांच्या घरातल्या मुलांसाठी आहे.

आता तुझ्या आईबद्दल. ही बाजू मी भोगलेली आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात शिंदे गावातल्या एमडीच्या कारखान्यावर छापा पडला, तेव्हा नाशिकमधल्या कित्येक आयांनी पोरांचे खिसे चाचपले असतील. मी त्याच्या आधीपासून चाचपत होते. मुलगा जेवायला बसला की माझं लक्ष त्याच्या बुबुळांकडे. बाथरूमचा नळ मध्येच बंद झाला की कान तिकडे. पर्समधल्या नोटांचे नंबर मी कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवायचे. हे अंगात मुरतं रे. तू चार मीटिंगा करून आलास म्हणून सुटत नाही. ‘आता तरी विश्वास ठेव’ असं तिला म्हणू नकोस, ती मनात आणूनही ठेवू शकणार नाही. किती वाजता येणार ते सांग आणि तेवढ्या वाजता ये. पगार काही महिने तिच्या खात्यात जाऊ दे. पण मीटिंगमध्ये काय बोललास याचा हिशेब तिला द्यायचा नाही. ते तुझं आहे, आणि तिथल्या इतरांचंही.

तिच्यासाठी वेगळी जागा आहे: अल-अॅनॉन, १९५१ पासूनची, आणि अमली पदार्थांच्या घरांसाठी नार-अॅनॉन. तिथे सांगतात की पोराचं व्यसन तुम्ही लावलेलं नाही, तुम्ही ते आवरू शकत नाही, बरंही करू शकत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला संताप आला. मग इतकी वर्षं मी केलं ते काय? तरी पुढच्या आठवड्यात गेले, कारण ‘संस्कारांत काय कमी पडलं’ असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

घसरलास तर लपून बसू नकोस. आधी स्पॉन्सरला, म्हणजे मीटिंगमधल्या तुला साथ देणाऱ्या जुन्या सदस्याला फोन, मग पुढची मीटिंग, मग घरी सांगणं. आणि गंगापूर रोडवरच्या त्या टपरीवरून घरी यायचं बंद कर. लांबून आलास तर दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

रविवारी आईला माझ्याकडे पाठव, आम्ही दोघी मिळून जाऊ. वाटेत ती रडेल, ते मी बघते.

तुझी काकू