टेक्सासमध्ये बारावीच्या मुलांना अमेरिकन सरकार आणि राजकारण कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की पुण्यात नागरिकशास्त्र शिकवलंय, आता टेक्सासचं शिक्षक प्रमाणपत्र मिळालंय आणि ऑगस्टपासून बारावीला 'यूएस गव्हर्नमेंट' घ्यायचंय. तर मुलं कंटाळू नयेत आणि पालकांच्या तक्रारीही येऊ नयेत म्हणून काय करावं. मी ह्यूस्टनबाहेरच्या एका पब्लिक स्कूलमध्ये बरीच वर्षं हाच विषय शिकवते आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी एक ध्यानात घ्या. हा विषय इथे अर्ध्या क्रेडिटचा, म्हणजे एकाच सत्राचा असतो. उरलेल्या अर्ध्या वर्षात तीच मुलं अर्थशास्त्र शिकतात. हाताशी वेळ थोडा, त्यात बारावीची मुलं, म्हणजे निम्मं लक्ष कॉलेजच्या अर्जांकडे. म्हणून पहिल्या दिवशी फळ्यावर काँग्रेस (अमेरिकेची संसद), राष्ट्राध्यक्ष, सुप्रीम कोर्ट असे तीन खांब काढू नका. ते चित्र मुलांनी आठवीच्या इतिहासातच पाहिलेलं असतं, आणि त्यातून 'सरकार म्हणजे वॉशिंग्टनमध्ये चालणारं काहीतरी' एवढंच डोक्यात बसतं.

मी सुरुवात मतपत्रिकेपासून करते. निवडणुकीआधी नमुना मतपत्रिका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) संकेतस्थळावर मिळते. नसेल तर मागच्या निवडणुकीची चालते. तिच्या छापील प्रती काढून वाटायच्या आणि म्हणायचं, 'यातली किती पदं माहीत आहेत त्यावर खूण करा.' ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीची मतपत्रिका देशातल्या लांबलचक मतपत्रिकांपैकी एक. वरची एक-दोन नावं सोडली की वर्ग गप्प होतो. लेफ्टनंट गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल, कम्प्ट्रोलर (राज्याचे कर आणि हिशेब बघणारा), लँड कमिशनर, शेती कमिशनर, मग न्यायाधीशांची रांगच्या रांग, शेवटी कॉन्स्टेबल. इथे न्यायाधीशसुद्धा पक्षाच्या नावावर निवडून येतात हे ऐकून भारतातून आलेल्या आपल्यासारख्यांना धक्का बसतो. इथल्या मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही, आणि खरी चर्चा तिथूनच सुरू होते: ज्याला पुढच्या निवडणुकीत मतं मागायची आहेत तो न्यायाधीश आज निकाल कसा देईल?

माझं आवडतं पद रेलरोड कमिशनरचं. १८९१ मध्ये रेल्वेवर नियंत्रण ठेवायला हे कमिशन स्थापन झालं. आज रेल्वेशी त्याचा काडीचा संबंध नाही, उरलंसुरलं काम २००५ मध्ये दुसऱ्या खात्याकडे गेलं. मग हे तीन निवडून आलेले लोक करतात काय? तेल आणि नैसर्गिक वायू बघतात. टेक्सासमध्ये याहून वजनदार पदं फार थोडी असतील, आणि मतपत्रिकेवर मात्र ते रेल्वेच्या नावाने उभं असतं. एकदा हे कळलं की मुलं उरलेल्या प्रत्येक पदाकडे संशयाने बघायला लागतात. मला हवं असतं ते हेच. काउंटी जज हा रूढ अर्थाने न्यायाधीश नसून काउंटीचा मुख्य कारभारी असतो आणि वादळ आलं तर घरं रिकामी करायचा आदेश तो देऊ शकतो, हे मग ती आपणहून शोधून काढतात. राज्याच्या शिक्षण मंडळाचे १५ सदस्यही निवडून येतात आणि या विषयाचा अभ्यासक्रमच ते ठरवतात, हे कळल्यावर वर्गात हमखास हशा होतो.

यानंतर सत्रभर एकच प्रश्न पकडून ठेवायचा: हा अधिकार कोणाचा? बातमी काहीही असो, आधी हेच विचारायचं. शहराचा, काउंटीचा, शाळेच्या डिस्ट्रिक्टचा, राज्याचा की वॉशिंग्टनचा? आणि त्यातही कायदा करणाऱ्याचा, राबवणाऱ्याचा की कोर्टाचा? फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत इथली वीज गेली होती, ते या मुलांना लख्ख आठवतं. कोणी गाडीत बसून फोन चार्ज केलेला, कोणाच्या घरी पाइप फुटून छत खाली आलेलं. 'तेव्हा जबाबदार कोण होतं?' असं विचारा. मुलं आधी राष्ट्राध्यक्ष म्हणतील, मग गव्हर्नर. मग हळूहळू उलगडत जायचं. टेक्सासच्या बहुतेक भागाचं वीजजाळं मुद्दामच स्वतंत्र ठेवलंय, म्हणजे त्यावर वॉशिंग्टनचं नियंत्रण कमीत कमी राहतं. वीज बघणाऱ्या आयोगावर गव्हर्नर नेमणुका करतात. वायू बघणारं कोण? पुन्हा तेच रेलरोड कमिशन. संघराज्य म्हणजे काय याची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हा एक तास जास्त कामाचा.

खटल्यांमध्ये सुरुवातीला 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध लोपेझ' घ्या. टेक्सासच्या बारावीच्या मुलांना शिकवायला याच्याइतका चपखल खटला नाही. १९९२ मध्ये सॅन अँटोनियोतला बारावीतलाच एक मुलगा शाळेत पिस्तूल आणि गोळ्या घेऊन आला. शाळेच्या आवारात शस्त्र नेणं हा टेक्सासच्या कायद्यानेही गुन्हाच होता, पण राज्याचा आरोप मागे घेऊन त्याच्यावर १९९० च्या केंद्रीय कायद्याखाली खटला भरला. त्याच्या वकिलांनी विचारलं, शाळेत बंदूक बाळगू नये असा कायदा करायचा अधिकार काँग्रेसला दिला कोणी? सरकारने बोट दाखवलं राज्यघटनेतल्या आंतरराज्य व्यापाराच्या कलमाकडे. म्हणणं असं की शाळेत बंदुका आल्या की शिक्षण बिघडतं, शिक्षण बिघडलं की अर्थव्यवस्था बिघडते, म्हणून हा व्यापाराचा विषय. वर्ग दोन गटांत वाटून हाच युक्तिवाद पुढे न्यायला लावा. 'मग मुलांनी रात्री दहाला झोपावं असाही कायदा काँग्रेस करू शकेल का? झोप कमी झाली तरी अर्थव्यवस्था बिघडतेच की!' असं कोणीतरी म्हणतंच. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी नेमकी हीच काळजी बोलून दाखवली आणि कायदा रद्द केला. १९३७ नंतर पहिल्यांदाच व्यापाराच्या कलमाला अशी वेसण बसली.

हमखास येणारा पुढचा प्रश्न: 'म्हणजे शाळेत बंदूक नेलेली चालते?' नाही. राज्याचा कायदा होताच, आहेच. काँग्रेसनेही नंतर शब्द बदलून तोच कायदा पुन्हा केला. निकाल बंदुकीबद्दल नव्हता, अधिकार कोणाचा याबद्दल होता. हा फरक एकदा समजला की पुढचा कुठलाही खटला मुलं स्वतः उलगडतात.

दुसरा खटला १९४३ चा, 'वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध बार्नेट'. इथे रोज सकाळी मुलं उभी राहून आधी अमेरिकेच्या आणि मग टेक्सासच्या झेंड्याची प्रतिज्ञा म्हणतात. राज्याच्या कायद्यानुसार सूट हवी तर पालकांनी लेखी द्यावं लागतं. जेहोवाज विटनेस पंथाच्या मुलांनी झेंड्याला वंदन करायला नकार दिला होता. १९४० मध्ये कोर्टाने असाच एक खटला शाळेच्या बाजूने दिला होता, तो तीनच वर्षांत फिरवला, तोही ऐन महायुद्धात. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचा निकाल उतारे काढून वाचून घ्या. भाषा अवघड नाही. मग विचारा, उभं न राहण्याचा हक्क मुलाचा असेल तर चिठ्ठी पालकांची कशाला? यावर माझ्या वर्गात मारामारीच व्हायची बाकी असते. 'टिंकर' (१९६९, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाच्या काळ्या फिती) आणि 'महनॉय' (२०२१, चीअरलीडर मुलीची स्नॅपचॅटवरची शिवी) हे दोन्ही एका तासात उरकतात. मुलांना ते आवडतातच, फार मेहनत लागत नाही.

आता तुमच्या बाजूची अडचण. भारतीय राज्यशास्त्र डोक्यात पक्कं असलं की इथे काही गोष्टी नकळत चुकीच्या शिकवल्या जातात. सिनेटला, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाला, राज्यसभेसारखं समजू नका. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आणि गोव्याची १. सिनेटमध्ये वायोमिंगच्या पावणेसहा लाख लोकांना दोन आणि कॅलिफोर्नियाच्या जवळपास चार कोटींनाही दोनच. शिवाय अर्थ विधेयक १४ दिवस ठेवून घेण्यापलीकडे राज्यसभेच्या हातात काही नसतं. इथे सिनेटने अडवलं की अडलं. सरकार 'पडत' नाही. बजेट मंजूर झालं नाही तर कार्यालयं बंद पडतात आणि राष्ट्राध्यक्ष जागच्या जागी राहतात. २०२५ मध्ये असं ४३ दिवस चाललं. पक्षांतरबंदी नाही, त्यामुळे आपल्याच पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कोणाची जागा जात नाही. उमेदवार दिल्लीहून ठरत नाहीत, पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीच्या प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. आणि आपल्यासारखा एक निवडणूक आयोग सगळ्या देशाची निवडणूक घेत नाही. ते काम राज्यं आणि काउंट्या करतात. हे सगळं मुलांसमोर भारताशी तुलना करत मांडलंत तर तुम्ही बाहेरून आलात हीच तुमची जमेची बाजू ठरेल. वर्गात बऱ्याच मुलांचे आईवडील दुसऱ्या देशातून आलेले असतात. ती घरी जाऊन विचारतात, दुसऱ्या दिवशी व्हिएतनाम, नायजेरिया, मेक्सिको सगळं टेबलावर येतं.

मतदारसंघांच्या आखणीसाठी आकृत्या दाखवत बसू नका. चौकटीचा कागद घ्या, ५० घरं, ३० निळी आणि २० लाल रंगवा, आणि सांगा: दहा-दहा घरांचे पाच सलग मतदारसंघ पाडा. एका गटाला म्हणा निळ्यांना पाचही मिळवून द्या, दुसऱ्याला म्हणा लालांना तीन मिळवून द्या. दोन्ही जमतं. ४० टक्के मतांत बहुमत आपल्या हातांनी काढल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात. मग २०२५ चा विषय काढा. जनगणनेची वाट न बघता टेक्सासने मधूनच काँग्रेसचे मतदारसंघ नव्याने आखले. दोन्ही पक्ष आपापल्या राज्यांत हे करत आलेत, तेही दाखवा. इलेक्टोरल कॉलेजसाठीही (राष्ट्राध्यक्ष निवडताना प्रत्येक राज्याला ठरावीक मतं असतात ती पद्धत) गणितच घाला: राज्याची लोकसंख्या भागिले त्याची मतं. वायोमिंगमध्ये एका मतामागे सुमारे १ लाख ९२ हजार माणसं, कॅलिफोर्नियात ७ लाखांच्या वर. हे बरं की वाईट ते तुम्ही सांगू नका.

यावरून पालकांच्या तक्रारींकडे येते. २०२१ च्या कायद्यानुसार टेक्सासमध्ये शिक्षकाला एखाद्या चालू वादग्रस्त विषयावर बोलायची सक्ती करता येत नाही, आणि बोललात तर निःपक्षपातीपणे मांडावं लागतं. याच कायद्यामुळे राजकीय प्रचार किंवा लॉबिंगसाठी गुण देता येत नाहीत. तेव्हा 'आपल्या आमदाराला पत्र लिहा, दहा गुण' असा प्रकल्प पुण्याच्या सवयीने देऊन बसू नका. नियमांची प्रत विभागप्रमुखांकडून आधीच मागून वाचा. मी कोणाला मत देते ते मुलांना सांगत नाही. ती सत्रभर ओळखायचा प्रयत्न करतात, निम्मी एका बाजूला पैज लावतात आणि निम्मी दुसऱ्या. पण निःपक्ष राहणं म्हणजे प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात असं दाखवणं नव्हे. गर्भपात, बंदुका, सीमा, कर यांवर सुजाण माणसांची मतं वेगळी असतात. तिथे दोन्ही पक्षांचे जाहीरनामे मूळ शब्दांत द्या, वृत्तवाहिन्यांच्या क्लिपा नकोत. २०२० ची निवडणूक कोण जिंकलं हा मताचा प्रश्न नाही. तिथे मी राज्यांनी प्रमाणित केलेले आकडे आणि कोर्टांचे निकाल समोर ठेवते आणि पुढे जाते. एकदा एका वडिलांनी फोन करून बराच वेळ ऐकवलं. मी त्यांना तासाला दिलेले कागदच ईमेलने पाठवले. पुन्हा फोन आला नाही. दर तासाचे कागद जपून ठेवायची सवय तेवढी लावून घ्या.

तुम्हाला पुढे एपीचा (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा) वर्ग मिळाला तर नऊ मूळ कागदपत्रं आणि ठरावीक खटले सक्तीचेच आहेत, त्यात निवड तुमच्या हाती नाही. 'फेडरलिस्ट १०' (राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेला निबंध) आणि 'ब्रूटस १' (तिच्या विरोधातला) एकाच आठवड्यात समोरासमोर घ्या. वेगवेगळे शिकवले तर दोन्ही रटाळ वाटतात. परीक्षेच्या निबंधांची तयारी ऑक्टोबरपासूनच करून घ्यावी लागते.

आणि मतदार नोंदणी. टेक्सासमध्ये हायस्कूलने वर्षातून दोनदा तरी पात्र विद्यार्थ्यांना नोंदणीचे अर्ज द्यावेत असा कायदा आहे. १७ वर्षं १० महिने पूर्ण झाले की अर्ज भरता येतो. अर्ज मतदानाच्या ३० दिवस आधी जायला हवा, त्यामुळे नोव्हेंबरसाठी सप्टेंबरातच वर्गात आणा. अर्ज फक्त नागरिकांसाठी असतो, आणि तुमच्या वर्गात व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेली मुलंही असतील, त्यात आपली मराठी मुलंही आलीच. कोणी का भरला नाही हे सगळ्यांसमोर विचारू नका. गठ्ठा दाराजवळच्या टेबलावर ठेवा, ज्याला हवा तो घेऊन जाईल.